थोरा ड्रेव्हरची तक्रार

नवं यंत्र बसवल्यापासून
तक्रारवहीत एकच नोंद आहे:
"आवाज येत नाही."
खाली सही, थोरा ड्रेव्हर,
आणि पत्ता, जणू मला ठाऊकच नाही
धक्क्यापासून तिसरं घर, निळ्या दाराचं.

आमच्या बेटावर वारा उतू जातो.
झाड एकही नाही, त्यानं टिकूच दिलं नाही.
टेकडीवर एकटी पवनचक्की,
आणि मोठ्या बेटाकडे जाणारी केबल इतकी बारीक
की वारा ऐन भरात आला
की तिकडून निरोप यायचा: बंद करा.
दूध वर आलंय
आणि घरात दुसरं भांडं नाही, तसं.

आता ती जादा वीज आम्ही पाण्यात सोडतो.
पाणी फुटतं. हायड्रोजन
लाल टाक्यांत भरून ठेवतो,
पूर्वी हेरिंग मिठात घालून ठेवायचे
वादळी महिन्यांसाठी, तसा.
वारा पडला की तोच वायू
पांढऱ्या पेटीत हवेला पुन्हा भेटतो
आणि शाळेत, दवाखान्यात, मेंढ्यांच्या गोठ्यात
दिवे लागतात. ज्योत नाही, धूर नाही,
जेमतेम फ्रीजएवढी घरघर.

नेमकं हेच थोराला सलतं.
एकतीस वर्षं एर्लेंड डिझेलचं इंजिन सांभाळायचा.
रात्री धडधड ऐकू आली
म्हणजे नवरा शेडमध्ये आहे, जागा आहे,
समुद्रावर नाही.
तो गेला तरी इंजिन धडधडत राहिलं
आणि ती झोपत राहिली.

नोव्हेंबरात वारा पार पडला त्या रात्री
ती आली. अंगात त्याचा रेनकोट.
यंत्राला कान लावला,
गाभण मेंढीच्या पोटाला लावतात तसा.
"याला जीव नाही," म्हणाली.

मी काही समजावलं नाही.
मागच्या बाजूला नेलं, जिथे नळीतून
कोमट पाणी बादलीत ठिबकतं.
टप् टप्, मध्येच थांबून, पुन्हा टप्,
इंजिनाइतकं नेमानं नाही.
थोरा उकिडवी बसली,
हातमोजा काढून बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
"खारट नाही," एवढंच.

तक्रार मी अजून खोडलेली नाही.
प्लास्टिकची बादली काढून
एर्लेंडची पत्र्याची ठेवली आहे.
आवाज जरा मोठा येतो.
निळ्या दारापर्यंत जातो का,
विचारायचं राहून गेलंय.