पोटकलम सात-ब

हेल्वी रौतिओचं पाकीट आलं मार्चच्या अखेरीस,
तांपेरेत नदीकाठी अजून राखाडी बर्फ होता.
आत चौदा पावत्या, फुन्शालच्या,
खाकी कागदावर ओळीनं डकवलेल्या,
आणि प्रत्येकीशेजारी पेन्सिलीनं,
शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात,
कशाची ते.

थर्मामीटर.
खोली २१४, अकरा रात्री.
खोली २१५, अकरा रात्री.
संत्री, दोन किलो.
पुन्हा संत्री.
रेडिओ, जुना, बाजारातून.

मी एकोणीस वर्षं हेच करते:
लोकांच्या सुट्ट्या कुठे मोडल्या ते बघते
आणि मोडलेल्याचं माप लिहिते.
हाड सोपं असतं. हरवलेली बॅग त्याहून सोपी.
कोविडनं मात्र आमच्या व्याख्याच आजारी पाडल्या.
त्या काळात दर महिन्याला नवी पुरवणी यायची,
ती जुन्या पानावर चिकटवायची,
डिंक वाळायच्या आत दुसरी दारात.

आर्मस रौतिओ, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त बसचालक.
दुसऱ्याच दिवशी चाचणी पॉझिटिव्ह. ताप. मग धाप.
डॉक्टर हॉटेलात आला, सही आहे, शिक्का आहे.
तो आजारी, त्याचं सगळं नियमात बसतं:
औषध, तपासणी, खोली, परतीचं नवं तिकीट.
हेल्वीची चाचणी निगेटिव्ह.
तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह, सहाव्या दिवशीही,
आणि पोटकलम सात-ब म्हणतं,
निरोगी व्यक्तीनं स्वेच्छेनं वाढवलेला मुक्काम
भरपाईस पात्र नाही.

स्वेच्छेनं.
हा शब्द मी शेकडो पत्रांत टाइप केला असेल,
बोट न अडखळता.

फोन केला, पद्धत आहे म्हणून.
तिनं सांगितलं, मधली भिंत पातळ होती.
रात्री ती भिंतीला कान लावून बसायची,
खोकला थांबला की तिचा जीव टांगणीला,
पुन्हा सुरू झाला की मग डोळा लागायचा.
रेडिओ दोन दारांच्या मध्ये, बाहेर ठेवलेला.
पोर्तुगीज त्याला कळत नव्हतं, तिलाही नाही,
पण दोघं एकाच बातम्या ऐकत होते.
"जिवाला नुसता घोर," ती म्हणाली.
"तुमच्या यादीत घोर आहे का?"

मी यादी बघितली. खरंच बघितली.
हृदय, फुप्फुस, दात,
गर्भारपण, ठरावीक आठवड्यांपर्यंत,
विंचू. विंचूसुद्धा आहे.
घोर नाही.

तिला एक सांगितलं नाही:
तो तिथे मेला असता
तर फाइल एका दिवसात मिटली असती.
कलम नऊ हाताचं सढळ आहे.
शवपेटी, विमान, कागदपत्रं,
आणि सोबत येणाऱ्या एका नातलगाचं
भाडं, राहणं, जेवण.
मेलेल्याच्या सोबतीला आमच्याकडे रकाना आहे.

आर्मस म्हणजे आमच्या भाषेत लाडका.
फॉर्मवर तो विमाधारक एक. ती विमाधारक दोन.

थर्मामीटर मंजूर. २१४ मंजूर.
संत्र्यांपाशी थांबले.
औषध म्हणावं तर चिठ्ठी नव्हती,
जेवण म्हणावं तर जेवणाची पावती वेगळी होती.
डबा खाताना औतीला विचारलं.
ती म्हणाली, "फळाला फळ म्हण आणि पुढं सरक."
रेडिओ नामंजूर.
२१५ समोर मी लिहिलं: रुग्णाची देखभाल,
डॉक्टरांच्या सल्ल्यानं,
जरी डॉक्टर असं काही बोलला नव्हता,
आणि खिडकीबाहेर बघत बसले थोडा वेळ,
आणि पुसलं.
तपासनीस महिन्यातून एकदा येतो
आणि नेमकी अशीच ओळ उघडतो.
२१५ नामंजूर.

उत्तर गेलं. एप्रिलात तिचं पत्र आलं.
अपील असेल म्हणून मी आधी कॉफी आणली.
अपील नव्हतं.
आर्मस आता जिना चढतो, मध्ये एकदा थांबून,
एवढंच लिहिलं होतं,
आणि खाली, पेन्सिलीनं:
संत्र्यांचे पैसे दोनदा जमा झालेत,
एकदाचे परत कसे करायचे ते कळवा.

मी अजून कळवलेलं नाही.