पत्रातून गाळलेलं

स्टाव्हांगरच्या मंडळीला दर तीन महिन्यांनी आमचं पत्र जातं.
आयवार सांगतो, मी लिहिते, खाली कार्बन.
बाप्तिस्मे नऊ. मलमपट्ट्या दोनशे चौदा.
विहीर अकरा हात खणून झाली, पाणी अजून नाही,
"तरी आपल्या प्रार्थनांच्या बळावर…"
इथं तो थांबतो, खिडकीबाहेर बघतो.
बाहेर मादागास्करचं दक्षिण टोक,
काटे, लाल माती, आणि कुणाचीतरी गुरं.

नवांपैकी दोघं साखरेसाठी आले होते.
लिहिलं नाही.
आणि व्होरियांद्रो, जिनं आमच्या मुलाला
पाठीला बांधून तीन वर्षं वाढवलं,
ती बाप्तिस्म्याच्या दुसऱ्याच दिवशी
रमची बाटली घेऊन पूर्वजांच्या थडग्यापाशी गेली.
"त्यांना न सांगता कसं करायचं, बाई?
उगाच दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं."
हे तर मी आयवारलाही सांगितलं नाही.

महिला मंडळानं लोकरीचे हातमोजे पाठवले, बेचाळीस जोड.
फोटो मागितला.
चाळीस अंशांच्या उन्हात मुलं ओळीनं उभी राहिली,
पंजे पसरून, डोळे बारीक करून.
त्या वर्षी पाऊस आलाच नाही.
हातमोजे चढवून गाव फड्या निवडुंगाची बोंडं तोडू लागलं,
कुसळं लोकरीत अडकायची, बोटांत नाही.
रेमानिंद्री म्हणाला, तुमच्या देशातल्या बायकांना
आमच्या दुष्काळाची माहिती कशी काय होती?
आम्ही लिहिलं : हातमोजे फार उपयोगी पडले.
जन्मात इतकं खरं वाक्य आम्ही कधी लिहिलं नव्हतं.

ऑर्गनचा भाता वाळवीनं खाल्ला. ते लिहिलं. पैसे आले.

आइलिफ सातव्या वर्षी बोर्डिंगात गेला,
मालट्रकमधून, तीन दिवस उत्तरेला.
जाताना रडला नाही, ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली होती.
मी चार रात्री त्याचा एक मोजा शिवत बसले,
जो फाटलेला नव्हता.

नाताळात परतला. उंच झालेला.
मी म्हटलं, हात धुऊन ये.
म्हणाला, "हो, फ्रू."
शाळेतल्या मेट्रनला म्हणतात तसं.
लगेच जीभ चावली त्यानं, कानापर्यंत लाल.
मी भांडी जरा जोरात ठेवली, एवढंच.
प्रभू, तू अब्राहामाला डोंगरावर नेलंस आणि तिथूनच परतही पाठवलंस.
सारेला कुणी विचारलं होतं का,
त्या तीन दिवसांत तू स्वयंपाक काय केलास म्हणून?

रात्री अंगणातून त्याचा आवाज आला.
व्होरियांद्रोच्या मासीशी बोलत होता, त्यांच्या भाषेत,
मधेच शिवी, मधेच खिदळणं, शब्दांचे शेपूट तोडत,
व्याकरणाच्या वहीत मी ज्याला अपवाद म्हणून लिहून ठेवते
ते सगळं त्याच्या तोंडी सहज.
आमच्या भाषेत तो पाहुण्यासारखा बोलतो,
प्रत्येक वाक्य पुसून, मग टेबलावर ठेवून.
मी अंधारात उभी. अर्धंच कळत होतं.

"मुलाबद्दल दोन ओळी लिही," आयवार म्हणतो,
"लोकांना आवडतं. आणि पान अर्धं रिकामं आहे."
मी लिहिते : आइलिफ शाळेत रमला आहे.
गणितात बरा. समोरचा दात पडला.

तो दात त्यानं आगपेटीत कापूस घालून
तीन दिवसांच्या धुळीतून आणला होता.
खिशावर हात ठेवूनच उतरला ट्रकमधून.
मी पायरीवर उभी होते, हात पुढे करून.
माझ्या बाजूनं वळसा घालून तो मागच्या दारी गेला,
व्होरियांद्रो तिथं तांदूळ पाखडत होती.
तिनं पेटी उघडली, दात उन्हात धरला,
काहीतरी म्हणाली, आणि दोघंही हसले.

आयवार विचारतो, संपलं?
हो, म्हणते. सही कर.