सात जुने पत्रे

लकडगंजात भाव ऐकले
आणि नुसता उसाचा रस पिऊन परत आले.
नवा रंगीत पत्रा फुटाला एकशे वीस.
सिमेंटचा स्वस्त, पण लेखराम मिस्त्री म्हणे,
"बाई, त्याच्यावर माकड उडी मारते
अन् घर उघडं पडते."
कवेलू आता कोणी भाजत नाही.
आणि फ्लेक्सखाली तर दोन उन्हाळे काढलेच की आम्ही,
कोण्या अनोळखी दादाच्या वाढदिवसाखाली.
उलटा हसायचा तो आमच्या गादीवर,
शेवटी उन्हाने त्याचा गाल
पापडासारखा तडकला.

पारडीच्या भंगारात नऊ होते,
बारा फुटी, कोण्या पाडलेल्या घराचे.
लेखरामने पेराने वाजवून पाहिले एकेक,
टरबूज घेतो तसे.
दोन बाजूला सारले :
"हे नुसत्या गंजावर उभे आहेत."
सात घेतले. पाचशे वीसचे पाचशे करून.
हातगाडीचे वेगळे.

नवतप्याचा तिसरा दिवस.
आठनंतर पत्रा तवा होतो,
म्हणून पहाटे पाचला चढला तो, फळी टाकून,
गुडघ्याखाली ओलं पोतं घेऊन.
बारा फुटाला सव्वा फूट उतार.
वारा पश्चिमेचा, म्हणून पहिला पत्रा पूर्वेला,
म्हणजे वाऱ्याला बोट घालायला कड सापडत नाही.
दीड पन्हाळ एकावर एक.
"खिळा उंचवट्यावर. पन्हाळात नाही.
पाणी जिथून जाते,
त्याच्या रस्त्यात उभं राहायचं नाही."
असं काही बोलून जातो तो
आणि लगेच बिडी शोधायला लागतो.
मी रबरी वायसर ओठांत धरून खाली उभी,
ब्लाउज शिवताना टाचण्या धरते तशी,
म्हणून हो पण म्हणता आलं नाही.

तिसरा पत्रा वर जाताना
आतल्या अंगाला तेलरंगाची अक्षरं दिसली :
३ – सैपाकखोली.
पाचव्यावर : ५ – आईची खाट.
बाकीचे पुसट.
कोणीतरी उतरवताना नंबर टाकले होते.
म्हणजे कुठेतरी
याच क्रमाने परत चढवायचे असणार.
भंगारवाल्याला मी काही विचारलं नव्हतं,
आणि परत विचारायला पारडी लांब आहे.

दुपारी बारा वाजता कवाड लावलं,
खिडकीला चादर.
जुन्या घराची सगळी भोकं
आमच्या अंधारात एकदम उघडली.
उत्पला काठीने आतून ठोकायची,
वरून लेखरामचा अंगठा फिरायचा.
"डावीकडं. अजून. थांब. आता विझलं."
मग डांबर, मग वायसर, मग पुढचं.
एकेचाळीस मोजली तिने.

एक मी सांगितलं नाही.
पावणेचारला त्यातून ऊन
बरोबर मशीनच्या चाकाशी यायचं,
आणि चारला नळ.
तेवढं घड्याळ फुकट.

वरून चुना दोन हात, फेविकॉल घालून.
खाली वीतभर जागा सोडून बांबूची तट्टी.
तट्टी मशीनपर्यंत येता येता संपली,
पैसेही तिथेच संपले.
ऊन गेलं नाही घरातून.
टाळूवरून उतरून खांद्यावर बसलं.
तेवढं चालते.

दहाव्या दिवशी लेखराम आला, न बोलावता,
हातात डांबराचा डबा.
सरळ शिडी लावली, चढला, उतरला.
"उन्हाशी खोटं चालते बाई. पाण्याशी नाही."
तुम्हाला कसं कळलं?
"पत्रे जमिनीवर होते तवाच मोजली होती.
बेचाळीस."
चहा घेतला. पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, मागचे नऊशे आधी दे.

अजूनही पावणेचारला
चाकावरचा हात आपोआप थांबतो.
कधी नळ येतो, कधी नुसता खोकतो.
मान वर केली की
३ – सैपाकखोली,
आमच्या घरात सैपाक पलीकडच्या कोपऱ्यात होतो.
उत्पला म्हणाली, चुना फिरवून टाकू का त्याच्यावर?
मी म्हटलं, चुना उरला नाही.

बादलीत अर्धा होता.