आत कोण आहे

मारिबोरच्या स्वयंपाकघरात, रात्री पावणेतीनला,
मी पासवर्ड टाइप करते.
पडद्यावर काही उमटत नाही,
ठिपकेसुद्धा नाहीत.
अंधारात जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात
तशी अक्षरं मोजते. अकरा.
एंटर.

दोनशे किलोमीटरवर, बोहिन्यच्या उतारावर,
बर्फात कमरेपर्यंत बुडालेलं मधपेट्यांचं लाकडी घर.
एका पेटीखाली वजनकाटा,
आणि फळीमागे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक.
हिरवा दिवा एकदा लुकलुकला असेल.
बघायला तिथे कोणी नाही.
माश्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्यात;
मधली बाहेर येते, बाहेरची आत जाते,
हिवाळाभर एवढंच काम.

बाबाने हे सगळं सत्तरीनंतर जोडलं.
भिंगातून बघत वायरींना डाग दिले,
अँटेनासाठी डब्याला भोक पाडताना
अंगठा फोडून घेतला,
आणि मशीनचं नाव ठेवलं लिस्का,
आमच्या मेलेल्या गायीचं.
"हाक मारली की आली पाहिजे," म्हणाला.

येते.
कधी वेळ लावते, चरायला लांब गेल्यासारखी.

आज आत शिरले आणि सवयीने विचारलं:
कोण आहे?
दोन ओळी आल्या.
एक मी, नेझा.
दुसरी विन्को, चाळीस मिनिटांपासून,
पत्ता लुब्लियानाच्या इस्पितळाचा.

गळ्याच्या ऑपरेशनला आज नववा दिवस.
आवाज गेला. फोन उशाशी नुसता पडून असतो.
मी भेटायला गेले की तो पाटीवर लिहितो,
'बरं आहे',
आणि मी वाचायच्या आत पुसतो.

त्याच्या पडद्यावर मी एक ओळ टाकली:
झोप ना, बाबा.

कर्सर लुकलुकत राहिला.
एका बोटाने टाइप करतो तो, सुई टोचलेल्या हाताने
आणखीच सावकाश.
फ्रिज घरघरला, थांबला.

मग आलं:
२८.६
काल २८.७ होतं
शंभर ग्रॅम. खाताहेत

मी लिहिलं: आणि तू?

बराच वेळ काही नाही.
बर्फाखाली, बिस्किटांच्या त्या डब्यात
आम्ही दोघं बसून होतो,
पलीकडे माश्यांची धग,
आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दोन चमचे सूप, असं आलं.

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात
खाली आणखी एक ओळ:

अडीच