ओळंबा

कमानीवर ‘शाही’ कोरलंय, पण शहा कुठला?
बशीरमामू तुंगेकर हसतात.
तांदळाचे व्यापारी होते, गलबतांचे नाखवे,
काथ्याचे दोर वळणारे.
त्यांनी कनवटीचं सोडून दिलं, मोजून.
राजा आलाच असेल, तर मागाहून आला,
जोडे काढून.

मी आलोय भेग मोजायला.
खिशात महापालिकेचं पत्र, हातात टॉर्च.
मामू गजाचं दार उघडतात
आणि जिथं पाया लागायला हवा
तिथं पाणी लागतं.

काळ्या दगडाच्या कमानी, कमरेपर्यंत हिरव्या.
वर असरची रांग कपाळ टेकतेय,
खाली एक कासव
सगळ्यांच्या भाराखालून सावकाश चाललंय.

‘आमच्या आज्याचा आजा पाथरवट.
म्हणाला, विहीर बुजवू नका,
ती आपल्या आधीची रहिवासी.’
खरं असेल, नसेल.
मामूंच्या घरात दर पिढीला
एक वाक्य वाढतं.

ओळंबा सोडतो. शिसं पाण्याला टेकतं,
तरंग खांबाखांबाला विचारत जातो
आणि दोरीपाशी परत येतो.
भेग दोन मिलिमीटर. गेल्या खेपेइतकीच.

बाहेर कापडबाजारात ठाण उलगडल्याचा आवाज,
कुणीतरी ‘साडेतीन मीटर!’ ओरडतं.
मी वहीत ‘स्थिर’ लिहितो.
खोडतो.
कासव अजून पोचलेलं नाही पलीकडे.

‘हात तरी धुवा,’ मामू म्हणतात.
पाणी गार.
घरी जेवायला बसलो तेव्हा
नखात हिरवं दिसलं.