एकशे बारा

उदिनेकडची मक्याची कापणी उरकली
की ते ओंदिनाच्या घराकडे निघतात,
पाठीवर ढाल घेतलेले, तपकिरी, सावकाश,
कुणीतरी पत्ता लिहून दिल्यासारखे.

चिरडायचं नाही. वास दोन दिवस हटत नाही.
बरणीत साबणाचं पाणी घ्यायचं,
पडद्याच्या चुणीखाली धरायचं
आणि एक टिचकी.
काल एकशे बारा. आकडा ती कॅलेंडरवर लिहिते,
जिथे नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा लिहायची.

मुलगा त्रिएस्तेहून फोनवर : जाळी बसव.
बसवते, म्हणते.

आज एजिदिओचा लोकरी कोट झटकला.
बाहीतून सात पडले.
आठवा कॉलरमागे,
पाय रोवून,
टिचकीलाही हलेना.

"बरं. मार्चपर्यंत,"
ती म्हणाली,
आणि वरचं बटण लावलं.