आधीचं रक्त

कामावर रुजू होता, त्या पहिल्या सकाळी
मी तुमचं रक्त मागते.
आजारी आहात म्हणून नाही. नाही आहात म्हणून.
पिवळ्या झाकणाची नळी, नाव, तारीख, माझी सही,
मग उणे सत्तरच्या कपाटात ते उभं राहतं,
तुम्ही अजून कशालाच हात न लावलेला असतानाचं.

तेलावीच्या टोकाला, द्राक्षमळे संपतात तिथे,
आमची प्रयोगशाळा.
गाभ टाकलेल्या मेंढ्या, सांधे धरलेले मेंढपाळ
डब्यांत बसून येतात आमच्याकडे,
कधी चीजच्या पिशवीला खेटून,
कारण गाडीवाल्याला दोन्ही ओझी सारखीच.

नियम मी मोठ्याने वाचते, सही घेण्याआधी.
लस असेल तर देऊ करायची,
नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्यायचं,
आणि ते नको लिहून ठेवायचं.
ब्रुसेलावर माणसासाठी लस नाही
ही ओळ मी जरा हळू वाचते.
दिवस गेले असतील तर आधी मला सांगा, मग सासूला.
(हे नियमात नाही. माझं आहे.)
निदान साहेबांना कळवायचं नाही,
साहेबांना फक्त एवढंच: हे काम करू शकतील, किंवा नाही.
कागद चाळीस वर्षं जपायचे.
मी अठ्ठावन्नची. हिशेब तुम्हीच करा.

नाझिब्रोला मागे काचा धूत हसते.
आमच्या वेळी आम्ही वास घ्यायचो, म्हणते,
ताटली उघडायची, नाक खाली.
कसला यायचा?
कसलाच नाही गं. तेच तर.

तिच्या पाठीत संध्याकाळचा ताप राहतो, बत्तीस वर्षं झाली.
पेन्शनच्या समितीने लिहिलं:
बहुधा घरच्या चीजमुळे.
सिद्ध कशाने करणार,
तिचं आधीचं रक्त कुणी घेतलंच नव्हतं.

मार्चमध्ये शाल्वाच्या यंत्रात नळी तडकली.
त्याने पुसलं, झाकण लावलं, घरी गेला.
तीन दिवसांनी माझ्या दारात, टोपी हातात चुरगाळत.
मी ओरडले नाही. तोही नियमच आहे,
पण तो पाळताना दातांवर दात येतात.
दोन गोळ्यांचे एकवीस दिवस.
पांढरी गोळी दुधाबरोबर नाही, मात्सोनीबरोबरही नाही,
आईला सांग, तिला वाईट वाटेल, तरी सांग.
रोज संध्याकाळी ताप मोजून मला फोन.
रक्त आज, मग दुसऱ्या आठवड्यात, चौथ्या, सहाव्या, आठव्या,
आणि एकदम चोविसाव्या.

त्याची जुनी नळी बाहेर काढली, शेजारी ठेवायला.
काचेवर बर्फाची बुरशी.
अंगठ्याने पुसून त्याने तारीख वाचली.
तेव्हा एतेरी भेटलीच नव्हती मला, म्हणाला,
आणि नळी परत द्यायला त्याला थोडा वेळ लागला.

फोन येतात, ठरल्या वेळी.
छत्तीस पॉइंट सात. छत्तीस पॉइंट सहा.
एकदा सदतीस पॉइंट चार, आणि मी रात्रभर
उशी उलटीसुलटी करत राहिले.
तो धावत जिना चढून आला होता, एवढंच.
सहावा आठवडा: आकडे तेच, जुन्यासारखे.
चोविसावा आठवडा द्राक्षं खुडायच्या दिवसांत येईल.
तोवर मी काहीच म्हणत नाही.

काल कपाट बंद करताना नाझिब्रोलाने विचारलं,
त्यात माझं नाही ना?
नाही.
काचा निथळायला ठेवून ती खुर्चीवर बसली,
बाही वर करत.
निवृत्तीला चार महिने उरलेत. आता काय उपयोग, मी म्हटलं.
घे, म्हणाली.
कशाच्या तरी आधीचं असेलच की.

शीर सापडायला वेळ लागला. दुसऱ्या हातावर मिळाली.